कोपऱ्याचा आकडा

"दिवा बंद करू का, सर?"

"राहू द्या."

विभागाच्या काळ्या खोलीत आम्ही दोघंच होतो. बाहेर नागपूरची एप्रिलमधली भर दुपार; आत पडदे ओढलेले, आणि टेबलावर अतिनील दिव्याखाली फ्लोराइटच्या स्फटिकाची एक पातळ चकती. स्फटिक मीच मधोमध कापला होता, घासूनही मीच घेतला होता. साध्या उजेडात चकती फिकट आणि एकसारखी दिसायची, बघण्यासारखं काही नव्हतं. दिव्याखाली मात्र ती निळी उजळत होती. सगळी नाही. मध्यावरच्या एका बिंदूपासून पाचरी निघाल्या होत्या, बाहेर रुंद होत गेलेल्या. एक पाचर लख्ख निळी, तिच्या शेजारची जवळजवळ काळी, पुन्हा एक निळी. दोन्हींमधली रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ.

हरकरे सरांनी चष्मा काढून पाहिलं, चष्मा घालून पाहिलं. मग खुर्ची ओढून बसले.

"कापगते," ते म्हणाले.

माझं आडनाव ढोक. पण मी त्यांना दुरुस्त केलं नाही, कारण कापगते कोण हे विभागात सगळ्यांना माहीत होतं. मी त्याला पाहिलेलं नव्हतं. मी येण्यापूर्वी कितीतरी आधी तो निघून गेला होता. आमच्याकडे ते माणसाचं नाव कमी आणि क्रियापद जास्त होतं. प्रयोगाचे आकडे कुणी घरी बसून लिहिले, तर त्याने 'कापगते केलं' म्हणायचे. एम.एस्सी.च्या पोरांना पहिल्याच आठवड्यात हा शब्द कळायचा, लॅन्थॅनम वगैरे नंतर.

विनायक कापगते हा सरांचा माझ्या आधीचा पीएच.डी.चा विद्यार्थी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका बंद पडलेल्या खाणीतले फ्लोराइटचे खडे सरांनी त्याला दिले होते. त्या खड्यांत लॅन्थॅनम, सेरियम, युरोपियम ही विरळ मृदा मूलद्रव्यं किती आहेत ते मोजायचं, आणि खडे ज्या गरम पाण्यात वाढले ते पाणी कुठून आलं असेल ते त्यावरून ठरवायचं, असं काम होतं. त्याने मोजलं. सरांनी तपासून बघायचं म्हणून त्याच खड्याचा तुकडा स्वतः मोजला. सरांचा आकडा दुपटीहून जास्त आला. त्यांनी पुन्हा मोजला, तेवढाच आला. एका खड्याचे दोन आकडे असत नाहीत, आणि सरांचा हात चुकलेला विभागात कुणी पाहिला नव्हता. त्यातून कापगतेचे आकडे फार नेटके होते, एकमेकांशी फार जुळणारे. खरे आकडे थोडे गबाळे असतात. तीन प्राध्यापकांची समिती बसली. कापगतेने मान्य केलं. नोंदणी रद्द झाली आणि तो वसतिगृह सोडून गेला.

पुढे तोच विषय, तोच डबा आणि तेच खडे माझ्याकडे आले. आणि माझे आकडे दोन आले.

काही दिवस मी ते कुणाला सांगितलं नाही. मग एका सकाळी सरांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "सर, माझं कापगते झालंय."

"म्हणजे?"

"एकाच खड्याचे दोन आकडे येताहेत. एक तुमचा येतो. एक त्यांचा."

सर रागावले नाहीत. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. मग त्यांनी विचारलं, "तुकडे कुठून घेतले?"

"एक बाजूच्या सपाट पृष्ठाचा. दुसरा कोपऱ्याचा."

हे खडे घनाकृती होते, पण त्यांचे कोपरे टोकदार नव्हते. रंध्याने तासल्यासारखे सपाट होते आणि तिथे छोटी तिकोनी पृष्ठं होती. फ्लोराइटचा कोपरा सुरीची धार लावून टकटक केलं की अलगद निघतो. ज्याला खडा फोडणं जिवावर येतं तो कोपरा काढतो. ज्याला खडा जपायची गरज वाटत नाही तो करवतीने बाजू कापतो.

"उरलेला खडा मधोमध कापा," सर म्हणाले, "आणि दिव्याखाली ठेवा."

म्हणून आम्ही त्या काळ्या खोलीत होतो. निळ्या पाचरी सपाट बाजूंच्या खाली होत्या, काळ्या पाचरी कोपऱ्यांच्या खाली. खडा लहानपणापासून असाच वाढला होता. बाजू ती विरळ मूलद्रव्यं आत घेत होती, कोपरा घेत नव्हता. एका खड्याचे दोन आकडे होते, आणि दोन्ही खरे होते.

"पत्र टाकायचं का त्यांना?" मी विचारलं.

"नाही. मी तोंडावर बोललो होतो." सरांनी दिवा बंद केला. बटण सापडायला त्यांना वेळ लागला. "तोंडावरच सांगायला हवं. तुम्ही या बरोबर. दिवा तुम्ही धरा."

पत्ता आमच्या शिपायाला माहीत होता. कापगते भंडारा जिल्ह्यात सासऱ्यांच्या गावी राहत होता आणि तिथल्या दूध संस्थेत दुधाची फॅट मोजायचं काम करत होता. शिपायाच्या साळ्याचं दूध त्याच केंद्रावर जायचं. हे शिपायाला इतकी वर्षं ठाऊक होतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

सर कोट घालून आले. भंडाऱ्यापर्यंत एक एसटी, पुढे दुसरी. दुसऱ्या गाडीत बसायला जागा नव्हती. चकतीचा डबा सरांनी छातीशी धरला होता, दिवा माझ्या पिशवीत होता. वाटेत ते एकदाच बोलले.

"कसे दिसत असतील हो आता?"

"मी पाहिलेलं नाही, सर."

"हां," सर म्हणाले.

केंद्रावर सकाळचं दूध संपत आलं होतं. पत्र्याच्या शेडमध्ये एक उंच, किंचित वाकलेला माणूस काचेच्या नळ्या चक्रात लावत होता. केस अकाली पांढरे झालेले. त्याने वर पाहिलं, सरांना पाहिलं, आणि पुन्हा नळ्यांकडे पाहिलं. चक्र फिरवलं, आकडा वाचला, सांगितला. मग त्याच दुधाची दुसरी नळी भरून पुन्हा चक्रात लावली.

"एकडाव केल्यानं भागत नाई ह्या मानसाचं," कॅन घेऊन उभी असलेली एक बाई मला म्हणाली. "परत्येकाचं दोनदा करते. ऊन डोक्यावर येते आमच्या."

"मग बोलत नाही का कुणी?"

"कायले बोलाव? बरोबर असते ना त्याचं."

शेवटचा कॅन झाला तेव्हा त्याने हात धुतले, पुसले आणि आमच्यापाशी आला.

"घरी चला, सर," तो म्हणाला. कशासाठी आलात, असं त्याने विचारलं नाही.

घर शेडला लागूनच होतं. दोन खोल्या, पुढे ओसरी. त्याच्या बायकोने, कुंदाताईंनी, पाणी दिलं. "हे माझे सर," एवढंच त्याने सांगितलं. त्या आनंदल्या. नागपूरचं कुणी म्हणून आजवर घरी आलंच नव्हतं, म्हणाल्या. आम्ही टेकतो न टेकतो तोच धोतर सावरत एक वयस्क गृहस्थ लगबगीने आत आले. लांजेवारजी, म्हणजे कापगतेंचे सासरे आणि दूध संस्थेचे अध्यक्ष. एप्रिलमध्ये कोट घातलेला माणूस आपल्या टेस्टरच्या घरी शिरला, हे त्यांनी स्वतःच्या अंगणातून पाहिलं होतं आणि जिल्ह्याहून तपासणी आली असं धरून ते आले होते.

"रामराम जी," ते म्हणाले. "काई तक्रार आली का फॅटची?"

"छे, छे," सर म्हणाले. "तक्रार नाही. उलट मी सांगायला आलोय." ते उभे राहिले. वर्गात शिकवायला उभे राहायचे तसेच. "तुमच्या जावयांनी खोटे आकडे दिले नव्हते."

कुंदाताई चहाचं आधण ठेवायला वळल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या.

"कोनते आकडे?" लांजेवारजींनी विचारलं.

सरांनी कापगतेंकडे पाहिलं. कापगते जमिनीकडे पाहत होते. त्यांनी घरात काही सांगितलेलं नाही हे मला त्या क्षणी कळलं, सरांना त्यानंतर थोड्या वेळाने.

"म्हनजे," लांजेवारजी सावकाश म्हणाले, "दिले नव्हते. पन दिले, असं कोनी म्हनलं होतं?"

"मी," सर म्हणाले.

"कवा?"

"हे नागपूरला शिकत होते तेव्हा. त्यावरून यांना विद्यापीठातून काढलं."

लांजेवारजी खाटेवर बसले. "माह्या संस्थेत गावाचं दूध हे मोजते," ते म्हणाले. "तीनशे घरचं. याच्या आकड्यावर लोक एक शबुद बोलत नाई."

"म्हणूनच मी आलोय," सर म्हणाले. "हे खरे होते. मी दाखवतो तुम्हाला. ढोकबाई, दिवा."

दिवा दाखवायला अंधार लागतो. घरात अंधार नव्हता. खिडक्यांना दारं होती पण वर छपराच्या कवेलूंतून जागोजागी ऊन येत होतं. शेवटी कुंदाताईंनी काही न बोलता आतून एक जाड वाकळ आणून दिली. सर आणि लांजेवारजी खाटेवर समोरासमोर बसले, मध्ये चकती ठेवली, मी दिवा धरला आणि दोघांच्या डोक्यांवरून वाकळ पांघरली. हात तेवढे माझे आत होते. आतून सरांचा आवाज येत होता.

"दिसलं का?"

"निळं दिसते. आन काळं दिसते."

"हा खडा एकदम तयार होत नाही. जमिनीत गरम पाणी असतं, त्यातून थरावर थर चढतो. बाजूच्या पृष्ठावर अणूंची मांडणी एक असते, कोपऱ्याच्या पृष्ठावर दुसरी. पाण्यात हे विरळ धातू असतात. बाजूच्या मांडणीत त्यांना बसायला जागा सापडते. कोपऱ्याच्या मांडणीत सापडत नाही. पाणी एकच, वेळ एकच, खडा एकच. पण बसला तो बसला. वरून पुढचा थर चढला की तो आतच राहतो. जिथे बसला तिथे निळं दिसतं."

"आन जवाई कोनतं मोजत होते?"

"कोपरा."

"आन तुमी?"

"बाजू."

मग लांजेवारजी म्हणाले, "हे तं क्यानीसारखं झालं. दूध ढवळलं नाई आन वरून नळी भरली, तं फॅट वेगळी. खालून भरली, तं वेगळी. भांडन लागते. म्हनून पह्यले ढवळा लागते."

"बरोबर," सर म्हणाले. "फक्त खडा ढवळता येत नाही."

"हव."

दोघं वाकळीतून बाहेर आले. दोघांच्या कपाळावर घाम होता. लांजेवारजींनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं.

"मले समजलं," ते म्हणाले. "मले पाच मिन्टात समजलं, आन मी चवथी शिकलो. तुमाले तवा काहून नाई समजलं?"

"मी विचारलंच नाही," सर म्हणाले. "तुकडा कुठून काढला, हे मी तेव्हा विचारलं नाही. या बाईंना विचारलं. त्यांना नाही विचारलं."

"आन तुमी?" लांजेवारजी जावयाकडे वळले. "तुमी काहून नाई सांगतलं?"

कापगते पहिल्यांदा बोलले. "मला ठाऊकच नव्हतं, मामाजी. सरांचा आकडा चुकत नाही, हे मलाही माहीत होतं. मग माझाच चुकला असणार. कसा, ते मी पुष्कळ शोधलं. सापडलं नाही. नंतर नंतर वाटायला लागलं की आपणच काहीतरी केलं असेल, आठवत नसेल."

हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं, फॅट सांगावी तसं. कुंदाताई दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि त्या आत गेल्या.

"गुरुजी," लांजेवारजी म्हणाले, "तुमी आले, चांगलं केलं. पन हे गावात बोलू नका."

"का? मी तर म्हणतो, चार लोक बोलवा. मी सगळ्यांसमोर सांगतो."

"नका सांगू. लोक 'नव्हते' इसरून जाते जी. 'खोटे आकडे' तेवढं ध्यानात ठेवते."

माणूस निर्दोष आहे हे जाहीर करण्यात त्याचं नुकसान असू शकतं, ही गोष्ट सरांच्या विचारात आलीच नसावी. माझ्याही नव्हती.

मी आत कुंदाताईंच्या मदतीला गेले. चुलीवर पाटवडीचा रस्सा उकळत होता, वर लाल तवंग आलेला. बाजूला एका लहान पातेलीत फिकं वरण होतं.

"हे लहान मुलांचं का?" मी विचारलं.

"ह्यांचं," त्या म्हणाल्या. "तिखट चालत नाही त्यांना. लग्नाच्या आधी पाहायला आले तेव्हा बाबांनी विचारलं होतं, इतकं शिकत होते, मग सोडलं कशाला. तर म्हणाले, मेसचं जेवण मानवलं नाही, पोट बिघडलं. म्हणून मी पहिल्या दिवसापासून वेगळं..."

पळी त्यांच्या हातात तशीच होती. मग त्यांनी वरणाच्या पातेलीवर झाकण ठेवून ती फडताळात सरकवली, आणि चारही ताटांत रस्सा वाढला.

बाहेर सगळे पंगतीला बसले. कापगतेंनी ताट पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. त्या भात वाढत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. कापगते भातावर रस्सा घेऊन जेवायला लागले. त्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते एकदा पाणी प्यायले, पुन्हा मागितलं. तिसऱ्यांदा मागितलं तेव्हा कुंदाताई म्हणाल्या, "होईल सवय."

ते ताटातलं सगळं जेवले. लांजेवारजींना यातलं काही कळलं की नाही कोण जाणे. त्यांनी सरांना आग्रहाने आणखी एक वडी घ्यायला लावली.

दुपारी कापगते आम्हाला फाट्यावर सोडायला आले. पळसाच्या सावलीत आम्ही एसटीची वाट पाहत उभे होतो.

"परत या," सर म्हणाले. "नोंदणी मी करून घेतो. कुलगुरूंशी बोलेन."

"सकाळ-संध्याकाळ दूध असतं, सर."

"दिवाळीत या. उन्हाळ्यात या. जमेल तेव्हा या."

कापगतेंनी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "बाजूच्या पृष्ठात लॅन्थॅनम आणि युरोपियम दोन्ही सारख्याच प्रमाणात जास्त आहेत का, सर?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "नाही," मी म्हणाले. "हलकी मूलद्रव्यं जास्त फरक दाखवतात."

"म्हणजे अणूच्या आकाराचा संबंध असणार," कापगते म्हणाले. "जागा ठरावीक मापाची असणार." मग गाडी येईपर्यंत ते त्याबद्दलच बोलत राहिले, आणि गाडी आली तेव्हा ते अर्ध्या वाक्यात थांबले आणि बाजूला झाले.

गाडीत आम्हाला खिडकीची जागा मिळाली. सरांनी कोट काढून घडी करून मांडीवर ठेवला. मला वाटलं, झालं ते बरं झालं. सर चुकले होते, पण सगळ्यांसमोर बोलून दाखवून मोकळे झाले होते. आणि तसं पाहिलं तर दोष कुणाचाच नव्हता, खड्याचा होता. मी तसं म्हणालेसुद्धा.

बऱ्याच वेळाने सर म्हणाले, "ढोकबाई, समितीत काय झालं हे तुम्हाला माहीत आहे?"

"त्यांनी मान्य केलं."

"मी त्यांना विचारलं, हे आकडे तुम्ही रचलेत का. ते म्हणाले, 'माझं चुकलं असेल, सर.' लिहून घेणारे प्राध्यापक कानाने कमी होते. त्यांनी मला विचारलं, काय म्हणाले? मी म्हणालो, मान्य आहे म्हणाले."

गाडी एका वळणावर कलली. सरांनी चकतीचा डबा धरून ठेवला.

"तेव्हा मला त्या दोन्हींत फरक वाटला नाही," ते म्हणाले. थोडं थांबले. "वाटला होता."

खडा कसा वाढतो, कोणत्या पृष्ठावर काय बसतं, हे त्या दिवशी वाकळीत बसून सगळ्यांना समजावून झालं होतं. आणि ते सगळं खरं होतं. आणि त्यात हे कुठेच आलं नव्हतं.

सर उठून कंडक्टरकडे गेले. "गाडी थांबवा."

"भंडारा यायचाय अजून, काका."

"मला मागं जायचंय."

"काही राह्यलं का तिथं?"

"हो," सर म्हणाले.

कंडक्टरने घंटी मारली. सर परत माझ्यापाशी आले, चकतीचा डबा माझ्या हातात दिला, कोट घातला. मीही उठायला लागले.

"तुम्ही बसा," ते म्हणाले. "हे मला एकट्याला सांगायचंय. दिवा सांभाळा."

ते उतरले. मागच्या काचेतून मला दिसत होते. ऊन होतं, रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं, आणि कोट घातलेला एक म्हातारा माणूस गावाच्या दिशेने चालत होता.

कापगते त्या दिवाळीत आले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात आले. मग येत राहिले. सकाळचं दूध करून यायचे, संध्याकाळच्या दुधाला परत जायचे. त्यांची पीएच.डी. माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी पूर्ण झाली. खड्यावरचा आमचा लेख छापून आला तेव्हा त्यात पहिलं नाव त्यांचं होतं, दुसरं माझं, शेवटचं सरांचं. तो लेख त्यांच्या गावात कुणी वाचला नाही, तेव्हा लांजेवारजींना काळजीचं कारण उरलं नाही. विभागातलं ते क्रियापद हळूहळू बंद पडलं. नवी पोरं आता आपला वेगळा शब्द वापरतात.

सर निवृत्त झाले त्या दिवशी मी त्यांचं कपाट रिकामं करायला मदत करत होते. त्या दिवसाबद्दल मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. तेव्हा विचारलं.

"तुम्ही मागे गेलात, सर. मग त्यांना सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

सर खड्यांच्या डब्यांवरची धूळ पुसत होते. "म्हणाले, 'मला माहीत आहे, सर. मी समोरच बसलो होतो.'"

त्याच माणसाने त्या दिवशी सकाळी आम्हाला घरी नेलं होतं आणि पंगतीला बसवलं होतं.

"आणखी काही म्हणाले?"

"संध्याकाळचं दूध यायला लागलं होतं," सर म्हणाले. "त्यांच्या हाताखालचा माणूस आला नव्हता त्या दिवशी. म्हणाले, नळ्या धुवायच्या आहेत." त्यांनी पुसलेला डबा माझ्याकडे दिला. "त्या धुतल्या मी."